भूमिका क्रमांक चारवरून कमी केल्याच्या आदेशाचा फेरविचार होण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
क्षेत्रकार्य व समाज-सहभाग विभाग,
समाजकार्य महाविद्यालय.

अर्जदार : सेवानिवृत्त मीटर वाचक, पाणीपुरवठा खाते, समाजसदस्य क्रमांक ११ (आपल्या पत्रानुसार माजी).

विषय : मी पत्नी गमावलेल्या गृहस्थासारखा वाटत नाही, या कारणास्तव मला कमी केल्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. २७ जून रोजीचे पत्र.
२) दि. १८ जून रोजीचे मूल्यमापन पत्रक (२५ पैकी ९ गुण).
३) समाजसदस्यांसाठीची नियमपुस्तिका, नियम ७ व नियम १२.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षे मीटर वाचक म्हणून काम करून निवृत्त झालो. या काळात सुमारे चार हजार घरांच्या दारांत उभा राहिलो. मीटर कुठे आहे हे सर्वांनी सांगितले. बसा म्हणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. सात वर्षांपूर्वी आपल्या विभागाने आमच्या वस्तीत पत्रक वाटले. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना लोकांच्या घरी पाठवण्याआधी बोलण्याचा आणि मुख्य म्हणजे ऐकण्याचा सराव व्हावा, यासाठी वस्तीतील सामान्य माणसांनी महाविद्यालयात यावे, कार्डावर लिहिलेल्या अडचणीतील माणसाची भूमिका घ्यावी आणि विद्यार्थ्यांपुढे बसावे, असे त्यात होते. शेवटी ठळक अक्षरांत छापले होते : 'आपण बोला, आम्ही ऐकू.' मी दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवले.

२. तेव्हापासून दर बुधवारी दुपारी तीन ते पाच, खोली क्रमांक बारा, हे माझे ठिकाण झाले. दोन खुर्च्या, त्याही थोड्या तिरक्या ठेवलेल्या, कारण अगदी समोरासमोर बसले की माणसाला चौकशीला बोलावल्यासारखे वाटते, असे आपल्याकडे शिकवतात. मधल्या स्टुलावर कागदी रुमालांचा डबा. कोपऱ्यात वही घेऊन समन्वयक बाई. सुरुवातीस मला भूमिका क्रमांक नऊ (घरमालकाने सामान बाहेर काढलेला भाडेकरू) देण्यात आली होती. परंतु मी घरमालकाची बाजूही समजावून सांगू लागलो, म्हणून ती काढून घेऊन भूमिका क्रमांक चार देण्यात आली. त्या कार्डावरील मजकूर असा :

'वय पासष्ट ते सत्तर. पत्नीचे निधन होऊन तीन महिने. जेवण कमी, झोप कमी. पहिल्या दोन प्रश्नांना त्रोटक उत्तरे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाला डोळ्यांत पाणी आणावे.'

३. या भूमिकेत मला सहा वर्षे सातत्याने तेवीस व चोवीस गुण मिळाले. यातील निम्मे श्रेय माझ्या पत्नीचे आहे, हे मी आजवर कार्यालयास कळवले नव्हते, आता कळवतो. पहिली चार वर्षे मंगळवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात विद्यार्थिनी होऊन बसायची आणि मी तिच्या मृत्यूचे दुःख तिलाच सांगायचो. तिचे शेरे समन्वयक बाईंपेक्षा कडक असत. एकदा म्हणाली, "तुम्ही फार लवकर रडता. मी खरंच गेले तर एवढ्या लवकर रडाल असं काही वाटत नाही मला." दुसऱ्या वेळी म्हणाली, "नुसतं आठवण येते म्हणू नका. चहात साखर किती घालू, हे विचारायला कुणी उरलं नाही, असं म्हणा. पोरं वहीत लिहून घेतील." आणि खरोखरच लिहून घेतले. ते वाक्य सहा वर्षांत किमान दोनशे विद्यार्थ्यांच्या वह्यांत गेले असेल. आपल्या वार्षिक अहवालातही ते माझ्या नावाशिवाय छापलेले मी पाहिले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वाक्य तिचे होते.

४. दि. १९ एप्रिल रोजी माझ्या पत्नीचे निधन झाले. ती दोन वर्षे अंथरुणावर होती. महाविद्यालयास तेव्हा उन्हाळी सुट्टी होती. जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर मी ही बाब कार्यालयास कळवली नाही, ही माझी चूक मी प्रथमच मान्य करतो. कारण नियम ७ असा आहे की, ज्या समाजसदस्याच्या घरी मृत्यू झाला असेल त्याने एका वर्षापर्यंत कोणतीही भूमिका करू नये, त्याला विश्रांती मिळावी. नियम चांगल्या मनाने केलेला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु महोदया, मला विश्रांती भरपूर आहे. सकाळी सहापासून झोपेपर्यंत विश्रांतीच असते. मुलगी परदेशी आहे, ती रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारते. जावईबापू मागून नमस्कार सांगतात. उरलेल्या सहा दिवसांत माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारे ठिकाण म्हणजे खोली क्रमांक बारा होती. ती जाऊ नये म्हणून मी गप्प राहिलो.

५. आता दि. १८ जूनच्या सत्राबाबत. माझ्यासमोर प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी होती. जाड चष्मा, हातात नवीन वही, आणि घाबरून पेनाचे टोपण सारखे उघडत-बंद करत होती. अशा मुली पुढे चांगल्या कार्यकर्त्या होतात, हा माझा अनुभव आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "काका, कसे आहात?" कार्डाप्रमाणे मी त्रोटक उत्तर द्यायला हवे होते. पण दोन महिन्यांत हा प्रश्न मला थांबून कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात आणि उत्तर यायच्या आत चालू लागतात. ही मुलगी मात्र खुर्चीत बसून राहिली होती आणि तिने मान किंचित कलती केली होती, जशी आपण शिकवता. मी कार्ड बाजूला ठेवले आणि खरे ते सांगू लागलो.

मी सांगितले की, माझी कंबर दुखायची थांबली आहे. दोन वर्षे मी तिला उचलून बसवत होतो, कूस बदलून देत होतो, त्यामुळे कंबर गेली होती. ती गेल्यावर पंधरा दिवसांत कंबर बरी झाली. आता सकाळी उठताना काही दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून मला स्वतःची लाज वाटते. मी सांगितले की, माझे वजन तीन किलोंनी वाढले आहे, कारण हाताला दोघांचे माप बसलेले आहे, एकाचे जमत नाही, टाकवतही नाही, तेव्हा दोघांचे मीच खातो. मी सांगितले की, तिच्या फोनमध्ये रात्री आठच्या गोळीचा गजर लावलेला आहे. तो वाजला की मी अजूनही पाण्याचा पेला भरतो, मग आठवते, मग ते पाणी मीच पितो. हे सांगताना मला हसू आले. खरोखरच आले. दोनदा.

तेव्हा त्या मुलीने वहीतल्या कार्डाच्या प्रतीकडे पाहिले, समन्वयक बाईंकडे पाहिले, आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "काका, जरा भूमिकेत राहा ना. मला गुण मिळायचेत."

मी सॉरी म्हणालो. मग कार्डाप्रमाणे तिसऱ्या प्रश्नाला डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न केला, पण आले नाही. सहा वर्षे ती घरी जिवंत होती तेव्हा मला हुकमी रडू येत होते. साखरेचे वाक्यही म्हणून पाहिले. ते तोंडातून निघाले तेव्हा मलाच खोटे वाटले. साखर मी गेली दोन वर्षे स्वतःच घालत होतो.

६. या सत्रावर मिळालेल्या पत्रकातील शेरे आणि त्यांवर माझे नम्र म्हणणे पुढीलप्रमाणे :

शेरा : 'पात्राची प्रकृती भूमिकेस अनुरूप नाही.' म्हणणे : वजनाचे कारण वर दिले आहे. मूल्यमापन समितीस हवे असल्यास मी वजन कमी करण्यास तयार आहे, मात्र त्यासाठी सुमारे दोन महिन्यांची मुदत मिळावी.

शेरा : 'पात्र दोनदा हसले.' म्हणणे : मान्य.

शेरा : 'दुःख पुरेसे पोहोचत नाही.' म्हणणे : दुःख पोहोचवण्याचे काम मी केले होते. पोचपावती देणे माझ्या हातात नाही.

शेरा : 'कंबर, गोळ्या इत्यादी भूमिकेबाहेरील तपशील आणून विद्यार्थिनीस गोंधळात टाकले.' म्हणणे : हे तपशील भूमिकेबाहेरील आहेत, हे खरे. परंतु पत्नी गमावलेल्या गृहस्थाबाहेरील नाहीत, एवढे मी माहितीच्या आधारे सांगू शकतो.

शेरा : 'एकंदरीत पत्नी गमावलेला माणूस असा वागेल हे पटत नाही.' म्हणणे : मलाही पटत नाही. पण तो असाच वागतो आहे.

नाचता येईना अंगण वाकडे, असे समितीस वाटू शकेल. म्हणून पत्नीचा मृत्यू दाखला सोबत जोडला आहे. दाखला जोडला की नियम ७ लागू होतो आणि मी वर्षभर बाहेर राहतो. न जोडल्यास, बारापेक्षा कमी गुण पडलेल्यास कायमचे कमी करतात म्हणून, कायमचा बाहेर राहतो. इकडे आड तिकडे विहीर, अशी माझी अवस्था आहे. पूर्ण विचारांती मी आड निवडला, कारण त्यात निदान वर्षाने वर काढतात. परंतु ते वर्ष आपल्या अधिकारात कमी करता आल्यास माझे वय पाहता बरे होईल.

७. आपल्या पत्रानंतर भूमिका क्रमांक चार आमच्या गल्लीतील न्हाव्यास देण्यात आली, हे कळले. तो सज्जन आहे, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याची पत्नी धडधाकट असून रोज दुपारी त्याचा डबा घेऊन दुकानात येते. तो भूमिका शिकायला माझ्याकडेच आला. माझ्या घरी काय झाले हे त्याला ठाऊक होते आणि कार्यालयास सांगू नकोस अशी विनंती मीच त्याला केली होती. दुकान बंद करून तो माझ्या स्वयंपाकघरात, तिच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काका, तुमच्यापुढे बसून हे करायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं हो." मी त्याला धीर दिला. दुसऱ्या प्रश्नानंतर श्वास कसा रोखायचा, तिसऱ्याला नजर कुठे न्यायची, सर्व दाखवले. साखरेचे वाक्यही दिले. त्याला दि. २ जुलै रोजी चोवीस गुण मिळाले. त्या दिवशी त्याने मला आनंदाने फोन केला आणि मधेच माफ करा म्हणाला. मी त्याचे अभिनंदन केले. फोन ठेवल्यावर मात्र मला वाईट वाटले, इतके वाईट की त्या दिवशी मी खोली क्रमांक बारामध्ये असतो तर मला पूर्ण गुण मिळाले असते.

८. गेले चार बुधवार मी कसे घालवले, याची माहिती आदेशाच्या परिणामांची कल्पना यावी म्हणून देतो. दि. २५ जून रोजी आदेश अजून निघाला नव्हता, परंतु पुढील सूचनेपर्यंत येऊ नये, असा निरोप पत्रकासोबतच आला होता. तरी सवयीने कपडे करून मी फाटकापर्यंत आलो. पहारेकऱ्याने काका आज उशीर केलात म्हटले. मी हो म्हटले आणि परत गेलो. दि. २ रोजी घरी राहिलो. दि. ९ रोजी दोन खुर्च्या तिरक्या ठेवून पाहिल्या आणि लगेच पूर्वीसारख्या केल्या, हे लिहायला नको होते परंतु लिहिले आहे. काल दि. १६ रोजी वेळ जाईना म्हणून जुनी वही काढून स्वतःच्याच घराचा पाण्याचा मीटर वाचला. महोदया, तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला एक कसब साधले होते. महिन्याचा आकडा पाहून त्या घरात किती माणसे राहतात हे मी दार न ठोठावता सांगत असे आणि क्वचितच चुकत असे. काल मी मागच्या जुलैचा आकडा व या जुलैचा आकडा शेजारी शेजारी लिहिला. उत्तर बरोबर आले. मी बराच वेळ जिन्यात बसून राहिलो. त्यानंतर हा अर्ज लिहावयास घेतला.

९. सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. भूमिका क्रमांक चार परत मिळावी. ती देता येत नसल्यास कोणतीही भूमिका चालेल. दारू सोडू पाहणारा, नोकरी गेलेला, मुलांनी टाकलेला, ऐकू न येणारा यांपैकी काहीही मी करीन. भूमिका क्रमांक नऊही चालेल, घरमालकाची बाजू घेणार नाही. तीही शक्य नसल्यास कोपऱ्यात नुसते बसू द्यावे. खुर्च्या लावणे, रुमालांचा डबा भरणे, वेळ संपल्याची सूचना देणे ही कामे मला जमतील. मुले घाबरलेली असतात, त्यांना पाण्याचा पेला लागतो, तोही मी देईन.

त्याखेरीज एक मागणी माझ्यासाठी नाही. कार्ड बदलावे. आपली मुले या कार्डावरून शिकून उद्या खऱ्या घरांत जाणार आहेत. तिथे एखादा म्हातारा हसला, जाडजूड दिसला, कंबरेविषयी बोलू लागला, तर त्यांना वाटेल की याला काही झालेले नाही, आणि ती वही मिटून पुढच्या घरी जातील. मी मीटर वाचक असताना तेच करीत होतो. मुलांना तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहायला शिकवू नये. माणूस पहिल्याच प्रश्नाला सगळे सांगून टाकू शकतो.

१०. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असल्याने तो आपण स्वतः वाचावा. नियम १२ नुसार फेरविचाराच्या अर्जाची एक प्रत संबंधित विद्यार्थ्यास द्यावी लागते व त्याचे म्हणणे घ्यावे लागते. ही प्रत त्या मुलीस कृपया देऊ नये. तिचे वय एकोणीस असेल. तिने जे केले ते तिला शिकवले तसे केले, आणि तिचा आवाज खरोखर मऊ होता. तिने ज्याला नीट दुःखी व्हायला सांगितले त्याची बायको दोनच महिन्यांपूर्वी गेली होती, हे तिला कळले तर ती हे शिक्षण सोडून देईल, किंवा सोडणार नाही पण पुढे आयुष्यभर कोणालाही 'कसे आहात' विचारताना अडखळेल. दोन्हींपैकी काहीही माझ्यामुळे होऊ नये. प्रत दिल्याशिवाय अर्ज विचारात घेताच येत नसेल, तर अर्ज फेटाळला असे समजावे. त्यावर मी पुन्हा अर्ज करणार नाही, हे याद्वारे लिहून देतो.

मात्र अर्ज फेटाळला तरी सोबत जोडलेला मृत्यू दाखला मला परत मिळावा. मी छायाप्रत जोडलेली नाही, मूळ दाखलाच जोडला आहे. छायाप्रत काढण्याचे दुकान माझ्या घराखालीच आहे, तेव्हा ही गैरसोय नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत, समक्ष देऊन सही घ्यावी, असे आपल्याच नियमपुस्तिकेत आहे. तरी तो घेऊन कोणास तरी पाठवावे. शिपाई चालेल, कारकून चालेल, कोणत्याही वर्षाचा विद्यार्थी चालेल. त्या एका मुलीस तेवढे पाठवू नये. येणाऱ्यास मी फार वेळ बसवून ठेवणार नाही. सही करायला मला अलीकडे थोडा वेळ लागतो, तेवढाच.

कळावे, ही विनंती.

आपला नम्र व सर्व वारी घरी असणारा,

(सही)
समाजसदस्य क्रमांक ११
दिनांक : १७ जुलै

सोबत :
१) आपल्या दि. २७ जूनच्या पत्राची छायाप्रत.
२) मूल्यमापन पत्रकाची छायाप्रत.
३) मागील सहा वर्षांच्या गुणांचा तक्ता, स्वहस्ते.
४) पत्नीचा मृत्यू दाखला, मूळ. दुसरा मजला, उजवीकडचे दार. घंटा बिघडलेली आहे, कडी वाजवावी. मला ऐकू येते.